एकदा झेललेला पट्टा

मी आत्ता एका म्हातारीच्या मांडीवर पडलो आहे आणि ती मला शिवते आहे. हातात दाभण, दाभणात सुतळी. तिला नीट दिसत नाही, त्यामुळे मधूनच दाभण तिच्याच बोटात घुसतं. ती बोट तोंडात धरते, जरा थांबते आणि पुन्हा शिवायला लागते.

मी सेफ्टी बेल्ट. उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जो बांधतात, ज्याच्या पाठीवरच्या कडीला दोर अडकवतात, तो. या घरात मला नुसतं पट्टा म्हणतात. मला या माउलीशी बोलता आलं असतं तर पहिल्यांदा एवढंच सांगितलं असतं की बाई, शिवू नकोस. तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो. शिवण पुरी व्हायच्या आत माझं सांगून झालं पाहिजे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईचा चेहरा आठवत नाही, पण हात आठवतात. एकेक जागा तिनं चार-चार वेळा शिवली. मग मशीनवर घालून मला असं ताणलं की कोणालाही वाटावं, या मशीनचं आमच्याशी वैर आहे. शेवटी पोटाशी एक कापडी पट्टी शिवली. तिच्यावर आमच्याशी कसं वागावं ते लिहिलेलं असतं. उन्हात ठेवू नका, तेल लावू नका, आणि पडत्या माणसाला एकदा झेललं की हा पट्टा पुन्हा वापरू नका. आमचं आयुष्य तेवढंच असतं. माणूस पडला नाही तर आम्ही म्हातारे होऊन जातो, पडला तर त्याच क्षणी संपतो.

आमच्या खोक्यातले काही जण क्वालालंपूरला गेले. तिथं जगातली दुसऱ्या नंबरची उंच इमारत चढत होती. मी दुबईला आलो, पहिल्या नंबरच्या इमारतीपाशी. तेव्हा मला त्याचा फार गर्व होता. खोटं कशाला सांगू?

दुबईत मला शिवमूर्तीच्या अंगावर चढवलं. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटजवळच्या खेड्यातला हा गडी. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात चहाचा घोट घेत नसे. डबी शर्टाच्या आत आणि मी शर्टाच्या वर, अशी आमची रोजची शेजारपाजाराची ओळख झाली.

त्याचं काम बुर्ज खलिफाच्या काचा बाहेरून पुसण्याचं. वरून पुसत पुसत खाली यायला महिने लागतात, आणि खाली पोचेपर्यंत वरच्या काचांवर पुन्हा धूळ बसलेली असते. खाली जगभरातले लोक मान मोडेपर्यंत वर बघतात आणि फोटो काढतात. त्या फोटोंत शिवमूर्ती आणि मी शेकडो वेळा आलो असू, पण आम्ही कुणालाही दिसलो नसू. काचेच्या आतल्या बाजूला बसून कॉफी पिणाऱ्या माणसाशी आमची नजरानजर व्हायची तेव्हा तो माणूस घाईघाईनं दुसरीकडे बघायचा.

गावी शिवमूर्तीची आई गुरम्मा आणि धाकटा भाऊ अमरनाथ. गुरम्माचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपाच्या पहाटे तिच्या आईवडिलांवर माळवदाचं घर बसलं. तेव्हापासून ती पक्क्या छताखाली झोपत नाही. घरात स्लॅबच्या दोन खोल्या आहेत, पण तिची बाज अंगणातल्या पत्र्याखाली असते. जन्मात ती कधी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली नाही. अशा बाईला सांगायचं तरी काय? फोनवर शिवमूर्ती म्हणायचा, "हापिसात हाय अव्वा. एसीत बसून राहिलो." तेव्हा आम्ही काचेबाहेर लोंबकळत असायचो आणि वाऱ्यानं त्याचे शब्द फाटत असायचे.

तो पडला ते बुर्जवरून नाही. गावात सगळे बुर्जच सांगतात, पण ते बाजूच्या दुसऱ्या एका टॉवरवर घडलं. वाळूची वावटळ उठली, आम्ही उभे होतो तो टांगता पाळणा हेलकावला, त्याचा पाय सुटला आणि तो खाली गेला. दोर संपला तसा माझ्या पाठीवरच्या कडीला असा हिसका बसला की माझी आतली शिवण जागोजाग उकलली. पण मी धरलं. लोकांनी वर ओढून घेईपर्यंत तो हवेत फिरत होता. एका हाताच्या मुठीत गळ्यातली डबी होती आणि दुसऱ्या मुठीत मी.

माझं काम झालं होतं, आणि चांगलं झालं होतं. स्टोअरमधल्या केरळच्या म्हाताऱ्या माणसानं मला लाल चिठ्ठी बांधली आणि कापायला कात्री घेतली. बाद पट्टे तिथं कापूनच टाकतात, नाहीतर कुणीतरी चुकून पुन्हा घालायचं. शिवमूर्ती त्या माणसाच्या पायाशी बसला. "कापू नका. ह्यानं मला जलम दिला," असं म्हणत तो लहान पोरासारखा रडला. म्हाताऱ्याला भाषा कळली नाही, रडणं कळलं. त्यानं इकडेतिकडे बघून मला शिवमूर्तीच्या पिशवीत कोंबलं आणि मोडक्या हिंदीत बजावलं की हा मेलेला आहे, कुणाच्या अंगाला लावू नकोस. शिवमूर्तीनं गळ्यातल्या डबीला हात लावून कबूल केलं. त्याला नवा पट्टा मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर चढला.

करार संपला तसा तो हैदराबादमार्गे मला घेऊन गावी आला. बॅग उघडली तेव्हा घरात निम्मं गाव होतं. खजूर, अत्तर, घोंगड्यासारखी जाड चादर निघाली आणि शेवटी मी निघालो. लाल चिठ्ठी त्यानं विमानतळावरच तोडून टाकली होती. मग अर्थातच सगळी गोष्ट सांगावी लागली. दुबईत पडलो, ह्यानं झेललं. लोक श्वास रोखून ऐकत होते. तो गडी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांत मधोमध बसला होता.

कुणीतरी विचारलं, "एवढा भारी पट्टा कंपनीनं दिला कसा?"

शिवमूर्तीनं माझ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता सांगेल. तो म्हणाला, "सायब लई खूश झाला. इनाम दिला."

माणसाचं खोटं किती लहान असतं बघा. दोन शब्दांचं. तेही कुणाचं वाईट करायला नव्हे, जरा मान मिळावा म्हणून. पण त्या दिवसापासून मी मेलेला पट्टा राहिलो नाही, बक्षिसाचा झालो.

आपला मुलगा एसीत नव्हे तर आभाळात काम करत होता, हे गुरम्माला त्या दिवशी कळलं. ती उठली, मला दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं आणि देवघराशेजारच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला. तेव्हापासून लोक मुद्दाम बघायला यायचे. कुणी नमस्कार करायचं. कुणाचं पोर परगावी कामाला निघालं की त्याची आई त्याला माझ्या पायाशी आणायची. मला पाय नाहीत, पण आणायची.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुऱ्हाड, अमरनाथची मोटरसायकल, सगळी एका रांगेत. त्या रांगेत गुरम्मानं मला पहिला मान दिला. गरम पाण्यानं धुतलं, दिवसभर उन्हात वाळवलं, मऊ राहावा म्हणून खोबरेल तेल चोळलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि विभूतीची बोटं ओढली. लोखंडाला जे चांगलं ते मला विष. पोटाशी शिवलेल्या पट्टीवरची अक्षरं पहिल्या दोन पूजांतच तेलात बुडून गेली.

शिवमूर्ती बघत होता. एकदा म्हणालाही, "अव्वा, त्याला तेल नको लावू."

"का बरं?"

"चिकट व्हतंय."

"देवाला लावतेत तसं लावून राहिले. तू गप बस."

तो गप्प बसला. मला त्याचा राग येतो तो इथं. आईला खरं सांगायला त्याला त्या सकाळी कोणीही अडवलं नव्हतं. पण एवढ्या दिवसांची पूजा कशाची होती हे सांगायला जीभ रेटली नाही. आणि तो स्वतःची समजूत घालत असणार की भिंतीवरचा पट्टा भिंतीवरच राहील, त्यात कुणाचं काय बिघडतं?

मग लातुरात एक टॉवर उभा राहिला. बारा मजल्यांचा. दुबईत असल्या इमारतीला कुणी मान वर करून बघणार नाही, पण बिल्डरनं रस्त्याकडेला भलामोठा फलक लावला, 'लातूरचा बुर्ज'. बाहेरून रंग द्यायला उंचावरचं काम जाणणारा माणूस पाहिजे होता. शिवमूर्तीचं नाव आपोआप पुढं आलं. त्यानं धाकट्या अमरनाथलाही सोबत घेतलं. अमरनाथ दुबईच्या गोष्टी ऐकतच मोठा झालेला. त्याला उंचीची भीती नव्हती, भाऊ चढला तिथवर आपल्याला चढायला मिळालं नाही याचं वाईट वाटत होतं.

कामाच्या जागी पट्टे नवे होते. काळ्या रंगाचे, अंगाला हलके, आणि चांगले. शिवमूर्ती रोज सकाळी प्रत्येकाचा पट्टा उलटासुलटा करून बघायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, मगच माणूस झुल्यावर सोडायचा. झुला म्हणजे दोन दोरांना टांगलेली फळी. बाहेरच्या पट्ट्यांच्या बाबतीत तो असा काटेकोर होता.

आईला मात्र दोघांनी सांगितलं होतं की आम्ही खाली रंग कालवतो. ते फार दिवस टिकलं नाही. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर आलेली चित्रफीत गुरम्माला कौतुकानं दाखवली. दहाव्या मजल्याशेजारी अमरनाथ झुल्यावर उभा, हातात रंगाचा रोलर, आणि तोंडभर हसू. अंगावर तो बारका काळा पट्टा.

"ह्यो पट्टा? ही तर पोराची करगोटी हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं मला खिळ्यावरून काढलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पहिली एसटी धरली. एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. ती सबंध वाट माझ्यावरून हात फिरवत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. माझ्या आत उकललेल्या शिवणीला तिच्या बोटांचा भार कळत होता.

शिवमूर्ती तेव्हा तिथं नव्हता. तो दोर आणि कप्प्या आणायला नांदेडला गेला होता, दुपारपर्यंत परतणार होता. गुरम्मानं आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या उंच भिंतीच्या पायाशी उभं राहून वर बघितलं आणि डोळे मिटून घेतले. अमरनाथला खाली बोलावलं.

"काढ ते. हे घाल."

"अव्वा, नवा हाय की ह्यो. अण्णानं सोता बघितलाय."

"नवा हाय, पर त्यानं कुणाला धरलंय का आजवर? ह्यानं तुझ्या अण्णाला धरलंय. ह्याला सवय हाय."

सवय! जगातल्या कुठल्याही आईनं हाच हिशेब केला असता. ज्यानं एकाला वाचवलं तो दुसऱ्यालाही वाचवणार. बैल, डॉक्टर, नवस, सगळ्यांच्या बाबतीत हा हिशेब चालतो. फक्त माझ्या जातीला तो लागू नाही, आणि ते सांगू शकणारा एकच माणूस नांदेडच्या बाजारात दोर बघत होता.

हा पट्टा घातल्याशिवाय आई भाकरीला हात लावेना, डोळ्यांत पाणी, म्हणून अमरनाथनं काळा पट्टा काढून रंगाच्या डब्यावर ठेवला आणि मला घातलं. आईच्या पाया पडला. गुरम्मा समाधानानं राखणदाराच्या पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसली. इमारतीच्या सावलीत ती बसली नाही.

मला अमरनाथच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. तो शीळ घालत होता. मी एकच आशा धरून होतो, की याचा पाय आज सुटू नये.

शिवमूर्ती फाटकातून आत आला तेव्हा त्यानं सवयीनं आधी वर पाहिलं. काळ्या पट्ट्यांत एक नारिंगी पट्टा, म्हणजे मी. खांद्यावरचा दोर तिथंच टाकून तो धावत सुटला. "अमर! खाली ये! पट्टा सोड! खाली ये!" रस्त्यावरच्या गाड्यांत आणि वाऱ्यात वर फक्त हाक पोचली, शब्द पोचले नाहीत. अमरनाथनं खाली वाकून बघितलं. अण्णा आला आहे, आणि आपण त्याचाच पट्टा घातला आहे. माझ्या छातीवरच्या पट्टीवर थाप मारून तो ओरडला, "अण्णा, बग की!" तसा फळीचा तोल गेला.

मी झेललं. हे मला सांगितलंच पाहिजे. क्षणभर का होईना, सगळं बळ लावून मी त्याला झेललं. त्यालाही वाटलं असावं की धरलं आपल्याला, कारण त्याच्या तोंडून किंकाळी आली नाही. मग पाठीवरची तेल पिऊन पिऊन सडलेली पट्टी सुटली. कडी दोराबरोबर वर राहिली. मी आणि तो खाली गेलो. शेडखालून गुरम्मा उठून उभी राहिली होती.

अमरनाथला लिंगायत रिवाजाप्रमाणे गावातच बसवून माती दिली. जंगमस्वामींनी कपाळाला विभूती लावली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की दिलेला पट्टा मयतानं वापरला नव्हता, आणि ते खरंच होतं. काळा पट्टा डब्यावर तसाच सापडला. मी बरेच महिने पोत्यात बांधून पोलिस चौकीत पडलो होतो. मग मला घरी परत दिलं. शिवमूर्ती मला घेईना, गुरम्मानं पदरात घेतलं. तो टॉवर आता रंगून तयार आहे. वरच्या मजल्यांवर दिवे लागतात.

शिवमूर्ती पुन्हा निघाला आहे. जेद्दाहला बुर्जच्याही वर जाणारी इमारत चढते आहे, तिथं उंचावरच्या कामाला माणसं पाहिजेत. घरात त्याला बसवत नाही. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. उद्या खंडेनवमी.

आणि हा आत्ता तो दारातून आत आला, आणि आईच्या मांडीवर मला बघून जागीच थांबला आहे.

"अव्वा, काय करून राहिलीस?"

"शिवून राहिले. उद्या पूजा करते आन् तुझ्या बॅगेत घालते. त्या दिशी यष्टी गाठायच्या घाईत म्या बिनआंघोळीची हात लावला ह्याला. म्हणून रुसला ह्यो. माझ्या हातून लेकरू गेलं. औंदा समदं नीट करते."

शिवमूर्ती तिच्यासमोर खाली बसला. एवढे दिवस ही बाई स्वतःला कशापायी खात होती ते त्याला आत्ता कळलं.

"अव्वा, तुझं कायबी चुकलं न्हाई. ह्यो पट्टा दुबईतच मेला व्हता. मला झेललं तवाच. तिथं असा पट्टा कापून टाकतेत. म्या कापू दिला न्हाई. इनाम बिनाम कायबी न्हवतं, अव्वा. म्या खोटं बोललो."

दाभण थांबलं.

"अमरला ठावं व्हतं?"

"न्हाई."

"मला बी न्हवतं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "तवाच बोलला असतास, तर म्या ह्याला चुलीत घातला असता."

तो रडायला लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि त्याला दूरही लोटलं नाही. मधेच तिनं विचारलं, "एकदा झेललं की पट्ट्याला बाद करतेत?"

"हाव."

"आन् तुला? तू बी त्याच्यासंगं पडला व्हतास न्हवं?"

"मला नवा पट्टा दिला, अव्वा."

"आन् वर चढवला."

"हाव. दुसऱ्या दिशी."

"पट्ट्याला एकदाच. मग माणसाला किती येळा रं?"

जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर मी राहून आलो, तिथंही कुणाला हा प्रश्न विचारताना ऐकलं नाही.

गुरम्मानं उशाखालची कात्री काढली आणि त्याच्या हातात दिली. "काप."

आता माझं थोडंच राहिलं आहे. तुमच्याही घरात भिंतीवर, पेटीत, देवापुढं माझ्यासारखं काहीतरी जपून ठेवलेलं असेल. ज्यानं तुम्हाला एकदा तारलं, त्याला हात जोडा, पण त्याच्या भरवशावर आपलं माणूस सोडू नका. आणि खरं काय ते ज्याला माहीत असेल त्यानं वेळेवर बोलावं. माझी एवढीच विनवणी आहे.

कात्री चालते आहे. खांद्याच्या पट्ट्या झाल्या, मांड्यांच्या झाल्या. तेल प्यायलेलं अंग आहे माझं, सहज कापलं जातं. फक्त गुरम्मानं आज सुतळीनं शिवलं आहे तिथं कात्री अडली. शिवमूर्तीनं दोन्ही हातांनी जोर लावला तरी ती शिवण तुटत नाही.